संकेतस्थळावर चॅट आणि समूहसंवाद कसा उभारावा

आपल्या संकेतस्थळावर आलेल्या माणसांना तिथल्या तिथे एकमेकांशी बोलता यावे, ही मागणी नागपुरात आता केवळ मोठ्या कंपन्यांची राहिलेली नाही. शिकवणी वर्ग, वाचनालये, गृहनिर्माण संस्था, इतवारीतले घाऊक दुकानदार, शेतकरी उत्पादक कंपन्या अशा सगळ्यांना ती सोय हवी असते, आणि संकेतस्थळ बांधणारा माणूस बहुधा एकटा किंवा फार तर दोघातिघांसोबत काम करणारा असतो. पुढील मार्गदर्शन अशा लहान चमूसाठी आहे. त्यातला मुख्य आग्रह असा की संदेश क्षणात पोहोचवणे हा या कामाचा सोपा भाग आहे. पाठवलेला संदेश हरवू न देणे आणि तो लिहिणाऱ्या माणसाची काळजी घेणे हा अवघड भाग आहे, आणि आपला बहुतेक वेळ त्यावर खर्च व्हायला हवा.

विवेचन हवेत राहू नये म्हणून एकच उदाहरण शेवटपर्यंत समोर ठेवू. समजा, काटोल, नरखेड आणि कळमेश्वर तालुक्यांतील संत्रा बागायतदारांच्या एका गटाचे संकेतस्थळ आहे. बागायतदारांना कळमना बाजारातील अडत्यांशी आणि परराज्यांतील व्यापाऱ्यांशी मालाबद्दल बोलायचे आहे, आपसात फवारणीविषयी विचारपूस करायची आहे, आणि फळगळ किंवा डिंक्या रोग दिसला की फोटो टाकून जाणकारांचा सल्ला घ्यायचा आहे. आंबिया बहाराची फळे साधारण ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये काढणीला येतात, म्हणजे संवादाची गर्दी कोणत्या महिन्यांत उसळणार हेही आपल्याला आधीच ठाऊक आहे.

आधी कोण कोणाशी बोलणार ते ठरवावे

या उदाहरणात तीन वेगळे संवाद आहेत. बागायतदार आणि व्यापारी यांच्यातील बोलणे खासगी आहे, त्यात भाव आणि इसाराची रक्कम येते, आणि ते तिसऱ्या माणसाला दिसता कामा नये. तालुक्यातील बागायतदारांचे बोलणे समूहाचे आहे. ते सभासदांपुरते राहावे, पण समूहात आज आलेल्या माणसाला मागचे वाचता आले तर चांगलेच. सल्ल्याचे प्रश्नोत्तर मात्र उघडे असायला हवे, कारण या वर्षी एखाद्या जाणकाराने दिलेले उत्तर पुढच्या वर्षी दुसऱ्या गावातल्या माणसाच्या कामी येणार आहे. या तिन्ही गोष्टी एकाच चॅटच्या चौकटीत कोंबल्या की भाव उघडे पडतात आणि सल्ला गप्पांखाली गाडला जातो. म्हणून कागदावर आधी एक साधा तक्ता करावा: कोण लिहू शकतो, कोण वाचू शकतो, किती काळ जपायचे, आणि कोणी काढून टाकू शकतो. सर्व्हर, डेटाबेस आणि परवानग्यांचे पुढचे सगळे निर्णय या तक्त्यावरून निघतात.

हा तक्ता भरताना कधी कधी असेही लक्षात येते की काही बांधण्याची गरजच नाही. दुकानदाराला गिऱ्हाइकाचे प्रश्न घ्यायचे असतील, तर व्हॉट्सअॅपचा थेट संभाषण उघडणारा दुवा पुरेसा आहे. त्यात डब्ल्यूए डॉट मी या पत्त्यापुढे ९१ आणि दहा आकडी क्रमांक सलग लिहायचा असतो, मध्ये अधिकचिन्ह, शून्य किंवा रेघ येऊ द्यायची नसते. पन्नास सभासदांच्या गटालाही व्हॉट्सअॅपचा समूह पुरतो. त्याची मर्यादा १०२४ सभासदांची आहे, पण खरी अडचण त्याच्या बरीच आधी सुरू होते: प्रत्येकाचा क्रमांक अनोळखी सभासदांना दिसतो, मागच्या हंगामातील उत्तर सापडत नाही, आणि समूह चालवणाऱ्याचा फोन बदलला की सगळी व्यवस्था डळमळते. या अडचणी आपल्याला खरोखर भेडसावत असतील तरच स्वतःचे बांधायला घ्यावे.

तयार घ्यावे की स्वतः बांधावे

मार्ग तीन आहेत. पहिला म्हणजे भाड्याची तयार सेवा, जिच्यात दोन ओळींचा कोड पानावर चिकटवला की कोपऱ्यात चॅटची खिडकी उघडते. ग्राहकसेवेसाठी ती उत्तम आहे. पण सभासदांचा आपसातील संवाद तिच्या हवाली करण्यापूर्वी सगळे संदेश वाचता येईल अशा स्वरूपात उतरवून घेता येतात का, हे करार करण्याआधी प्रत्यक्ष करून पाहावे. दुसऱ्यांच्या सेवा बंद होतात. ऑर्कुट सप्टेंबर २०१४ अखेर बंद झाले, गूगल प्लसची सर्वसामान्य खाती एप्रिल २०१९ मध्ये गेली आणि असंख्य संकेतस्थळांवरची त्याची बटणे निरुपयोगी झाली, एआयएम ही संदेशसेवा डिसेंबर २०१७ मध्ये थांबली आणि १९९६ पासून चालत आलेली आयसीक्यू ही तशीच सेवा जून २०२४ मध्ये संपली. ज्यांनी आपले संभाषण फक्त तिथेच ठेवले होते, त्यांना ते वेळेवर उतरवून घेता आले नाही तर गमवावे लागले.

दुसरा मार्ग खुल्या मानकांचा आहे. एक्सएमपीपी हे तात्काळ संदेशांचे मानक जेरेमी मिलर यांनी जॅबर या नावाने सुरू केलेल्या कामातून आले आणि २००४ मध्ये ते आयईटीएफ या इंटरनेटची मानके ठरवणाऱ्या संस्थेने प्रमाणित केले. ईजॅबरडी, प्रॉसडी आणि ओपनफायर हे त्याचे मोफत मिळणारे सर्व्हर आहेत, आणि कन्व्हर्स हा त्याचा ब्राउझरमध्ये चालणारा, वापरणाऱ्याच्या बाजूचा प्रोग्राम कोणत्याही पानात बसवता येतो. २०१४ मध्ये पुढे आलेले मॅट्रिक्स हे दुसरे मानक असून त्याचा सिनॅप्स हा सर्व्हर बराच प्रचलित आहे, पण तो स्मृती जास्त मागतो. लहान व्हीपीएसवर, म्हणजे भाड्याच्या आभासी सर्व्हरवर, चालवायचे असेल, तर प्रॉसडी हलका पडतो. खासगी आणि समूहसंवाद, उपस्थिती, संदेशांचे जतन हे सगळे इथे आयते मिळते. मात्र आपल्या संकेतस्थळाची सभासदनोंदणी त्याच्याशी जोडण्याचे काम उरते आणि ते वाटते तेवढे लहान नसते.

तिसरा मार्ग स्वतः बांधण्याचा आहे. आपल्या उदाहरणासाठी हाच योग्य वाटतो, कारण प्रश्नोत्तरे, मालाच्या नोंदी आणि संदेश एकमेकांत गुंफलेले आहेत. इथे एक व्यवहाराची गोष्ट आधी तपासावी: स्वस्तातल्या सामायिक होस्टिंगवर सतत चालणारा प्रोग्राम ठेवण्याची मुभा सहसा नसते. पीएचपीच्या अशा खात्यावर प्रत्येक उघडी जोडणी एक कामगार प्रक्रिया अडवून ठेवते, आणि पंचवीस-तीस माणसे चॅट उघडून बसली की संकेतस्थळाची बाकी पानेही उघडेनाशी होतात. म्हणून तिथे राहायचे असेल तर दर काही सेकंदांनी नवीन संदेश विचारणारी साधी पद्धत वापरावी, नाहीतर स्वतंत्र व्हीपीएस घ्यावा.

जोडणी

ब्राउझरपर्यंत नवीन संदेश पोहोचवण्याच्या चार पद्धती प्रचलित आहेत. ठरावीक वेळाने विचारणे ही सर्वांत साधी. विचारून सर्व्हरच्या उत्तराची वाट पाहत थांबणे म्हणजे लाँग पोलिंग. सर्व्हर-सेंट इव्हेंट्समध्ये सर्व्हरकडून ब्राउझरकडे एकतर्फी प्रवाह उघडा राहतो, आणि वेबसॉकेटमध्ये दोन्ही बाजूंनी बोलता येते. वेबसॉकेटचे मानक डिसेंबर २०११ चे आहे आणि आज सर्व ब्राउझर ते ओळखतात, त्यामुळे बहुतेक जण डोळे मिटून तेच निवडतात. लहान संकेतस्थळासाठी मात्र सर्व्हर-सेंट इव्हेंट्सचा विचार गांभीर्याने करावा. संदेश पाठवायला नेहमीची पोस्ट विनंती आणि घ्यायला हा प्रवाह, एवढ्यात चॅट पूर्ण होते. प्रवाह तुटल्यास ब्राउझर आपणहून पुन्हा जोडतो आणि शेवटी मिळालेल्या घटनेचा क्रमांकही सांगतो. फक्त एचटीटीपीच्या १.१ आवृत्तीवर एका संकेतस्थळासाठी ब्राउझर एका वेळी सहाच जोडण्या देतो, म्हणून सर्व्हरवर एचटीटीपीची २ ही आवृत्ती चालू असल्याची खात्री करावी, नाहीतर सात टॅब उघडणाऱ्याचे पान अडकते. ‘समोरचा लिहीत आहे’ अशा क्षणाक्षणाच्या सूचना हव्या असतील तर वेबसॉकेट घ्यावे, आणि सर्व्हरवर नोड (जावास्क्रिप्ट) वापरणाऱ्यांना सॉकेट-आयओ हा तयार कोडचा संच त्यासाठी सोयीचा पडतो.

वेबसॉकेट घेतल्यावर एक तक्रार हमखास येते: संगणकावर सगळे सुरळीत चालते, पण सर्व्हरवर चढवले की शांत बसलेल्या माणसाची जोडणी बरोबर मिनिटाभराने तुटते. समोर उभ्या केलेल्या एनजिनएक्स या मध्यस्थ वेब सर्व्हरची वाचनमर्यादा मुळात ६० सेकंदांची असते, तेवढ्या वेळात मागच्या सर्व्हरकडून काहीच आले नाही की तो जोडणी बंद करतो. मर्यादा वाढवण्यापेक्षा सर्व्हरने दर पंचवीस-तीस सेकंदांनी एक छोटा ठोका पाठवणे चांगले, कारण मोबाइल कंपन्यांच्या जाळ्यातही निष्क्रिय जोडण्या तोडल्या जातात आणि त्या मर्यादा आपल्या हातात नसतात. शिवाय एनजिनएक्सला एचटीटीपीची १.१ आवृत्ती वापरायला आणि अपग्रेडचे शीर्षक पुढे पाठवायला सांगावे लागते. ते राहिले तर जोडणी मुळात उघडतच नाही.

एका संदेशाचा प्रवास

आता खऱ्या कामाकडे वळू. नरखेडजवळच्या बागेत उभा असलेला बागायतदार व्यापाऱ्याला लिहितो, ‘माल परवा काढतो, गाडी पाठवा’, आणि पाठवण्याचे बटण दाबतो. नेमक्या त्या क्षणी फोनची रेंज जाते. या संदेशाचे काय होते, यावर आपले संपूर्ण संकेतस्थळ विश्वासाचे आहे की नाही ते ठरते. संदेश पडद्यावर दिसला पण पोहोचला नाही, तर तोडलेला माल बांधावर पडून राहील आणि गाडी येणार नाही. असे चॅट असण्यापेक्षा नसलेले बरे, कारण चॅट नसते तर त्याने फोन केला असता.

म्हणून बटण दाबताच ब्राउझरने स्वतः त्या संदेशाला एक अद्वितीय ओळखक्रमांक द्यावा, तो ब्राउझरच्या स्थानिक साठ्यात लिहून ठेवावा आणि पडद्यावर घड्याळाच्या खुणेसह दाखवावा. सर्व्हरने तो डेटाबेसात नोंदवल्यावरच पोच पाठवावी, आणि पोच आल्यावरच घड्याळाच्या जागी बरोबरची खूण यावी. डेटाबेसात लिहिण्याआधी पोच देणे हा वेग दाखवण्याचा मोह आहे, तो टाळावा. ठरावीक वेळात पोच आली नाही तर ब्राउझरने तोच संदेश त्याच क्रमांकासह पुन्हा पाठवावा. आता असेही घडू शकते की पहिल्या वेळी संदेश पोहोचला होता आणि वाटेत हरवली ती फक्त पोच. अशा वेळी व्यापाऱ्याला तोच संदेश दोनदा दिसायला नको. त्यासाठी डेटाबेसात पाठवणारा आणि ओळखक्रमांक या जोडीवर अद्वितीयतेचे बंधन घालावे, आणि दुसऱ्यांदा आलेल्या संदेशाला नवीन नोंद न करता जुन्याच नोंदीची पोच द्यावी. एवढ्या एका बंधनाने दुहेरी संदेशांच्या बहुतेक तक्रारी मिटतात.

क्रम लावताना फोनच्या घड्याळावर विसंबू नये. अनेक फोनचे घड्याळ मागेपुढे असते, आणि मग उत्तर प्रश्नाच्या वर दिसते. प्रत्येक संभाषणात सर्व्हरने चढता क्रमांक द्यावा आणि त्यानुसारच संदेश मांडावेत. वेळ जागतिक प्रमाणवेळेत साठवून दाखवताना भारतीय वेळेत बदलावी. हाच चढता क्रमांक पुन्हा जोडणी झाल्यावर उपयोगी पडतो. ब्राउझर सांगतो की आपल्याकडे ४१२ पर्यंतचे संदेश आहेत, आणि सर्व्हर ४१३ पासूनचे देतो. त्यामुळे ‘मधले काही राहिले का’ हा प्रश्नच उरत नाही.

जोडणी तुटल्यावर सगळ्या ब्राउझरनी एकाच वेळी पुन्हा जोडण्याचा प्रयत्न केला तर नुकताच सावरलेला सर्व्हर पुन्हा आडवा होतो. म्हणून पहिला प्रयत्न एका सेकंदाने, मग दोन, मग चार असे अंतर दुप्पट करत न्यावे, त्यात थोडा यादृच्छिक फरक मिसळावा आणि अर्ध्या मिनिटाच्या आसपास वाढ थांबवावी. आणि पुढे कधी दोन सर्व्हर लावावे लागले, तर त्यांच्यात निरोप पोहोचवण्यासाठी रेडिस या वेगवान साठवण-प्रणालीची प्रसारणाची सोय वापरता येते. मात्र ती काहीच साठवत नाही, त्या क्षणी ऐकणारा कोणी नसेल तर निरोप गेला. आधी डेटाबेस, मग प्रसारण, हा क्रम कधीही उलटा करू नये.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी

तयार मार्गदर्शकांमध्ये हा भाग जवळजवळ नसतो, आणि आपल्या सभासदांना सर्वांत आधी टोचतो तो हाच. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये नुसत्या यूटीएफ-८ या जुन्या नावाच्या वर्णसंचात एका वर्णाला तीनच बाइट मिळतात. देवनागरीचा प्रत्येक वर्ण बरोबर तीन बाइटांत बसतो, त्यामुळे चाचणीत मराठी व्यवस्थित दिसते आणि सगळे ठीक आहे असे वाटते. हात जोडल्याच्या चित्रखुणेला मात्र चार बाइट लागतात. डेटाबेसचे काटेकोर धोरण बंद असेल तर तो संदेश त्या खुणेपाशी गुपचूप कापला जातो. आपल्याकडे माणसे ‘नमस्कार’ लिहून पुढे हात जोडतात आणि मग कामाचे सांगतात, म्हणजे कामाचे तेवढे नाहीसे होते. डेटाबेस, तक्ते, स्तंभ आणि जोडणी या चारही ठिकाणी यूटीएफ८एमबी४ हा संच पहिल्या दिवसापासून लावावा.

वर्णमर्यादाही जपून ठेवावी. ‘संत्र्यांचे’ हा शब्द वाचणाऱ्याला तीन अक्षरांचा दिसतो, पण संगणकासाठी त्यात ११ वर्ण आणि ३३ बाइट आहेत. इंग्रजीच्या हिशोबाने ठेवलेली २० वर्णांची मर्यादा मराठी नावाला अपुरी पडते, आणि सूचनेत संदेशाचा पहिला तुकडा दाखवताना वर्ण मोजून कापला तर शेवटी पाय मोडलेले अक्षर लोंबकळते. ब्राउझरमधील सेगमेंटर ही सोय दृश्य अक्षरांच्या सीमा सांगते. तिथेच, किंवा त्याहून सोपे म्हणजे शब्दांमधील मोकळ्या जागेपाशी, कापावे.

संगणकावर लिप्यंतराच्या साधनाने मराठी टंकणारे लोक शब्द पक्का करण्यासाठी एंटर दाबतात. आपण एंटर म्हणजे पाठवणे असे ठरवले असेल तर अर्धा शब्द समोरच्याकडे जातो. कळ दाबल्याच्या घटनेत शब्दजुळणी चालू असल्याची खूण मिळते. ती असेपर्यंत एंटरकडे दुर्लक्ष करावे. फोनवर तर एंटरने नवीन ओळच यावी आणि पाठवण्यासाठी वेगळे, अंगठ्याला सापडेल एवढे मोठे बटण असावे.

शोधाची अडचण आणखी खोल आहे. ‘शेतकऱ्यांना’ या शब्दातील मधला अर्धा र (ऱ्) दोन-तीन वेगळ्या वर्णक्रमांनी टंकता येतो आणि पडद्यावर सारखाच दिसतो, त्यामुळे शोधणाऱ्याने एका पद्धतीने टंकले आणि लिहिणाऱ्याने दुसऱ्या, तर समोर असलेले उत्तर सापडत नाही. साठवताना आणि शोधताना युनिकोडचे एनएफसी प्रमाणीकरण, म्हणजे समतुल्य वर्णक्रमांना एकच रूप देण्याची प्रक्रिया, करावे, आणि त्याने न जुळणारे अदृश्य जोडचिन्ह शोधाच्या प्रतीत स्वतंत्रपणे हाताळावे. त्याशिवाय ‘संत्री’ शोधणाऱ्याला ‘संत्र्यावर’ आणि ‘संत्र्यांची’ असलेली उत्तरेही मिळायला हवीत. पूर्ण विभक्तिविचार करणे लहान चमूला झेपणारे नाही, पण नेहमीच्या पन्नास-साठ शब्दांची, म्हणजे रोग, औषधे, जाती आणि हंगाम यांची, रूपांसह यादी हाताने केली तरी शोध खूप सुधारतो. ही यादी एखाद्या अनुभवी बागायतदारासोबत बसून करावी; कोळशी, डिंक्या, फळगळ हे शब्द कोणत्या रूपांत लिहिले जातात ते तो चटकन सांगेल.

सामाजिक सुविधा: थोड्या आणि कामाच्या

सभासदनोंदणीसाठी आपल्या लोकांना मोबाइल क्रमांक आणि ओटीपी हाच मार्ग रुळलेला आहे. त्यासाठी एसएमएस पाठवायचे तर दूरसंचार नियामक ट्रायच्या २०१८ च्या नियमांनुसार पाठवणाऱ्याचे नाव आणि संदेशाचा साचा आधी डीएलटी या दूरसंचार कंपन्यांच्या नोंदणी मंचावर नोंदवावा लागतो. या नोंदणीत वेळ जातो, म्हणून ती बांधकामासोबतच सुरू करावी. मराठीतील एसएमएसला ७० वर्णांची मर्यादा आहे, इंग्रजीला १६० ची. साचा त्यात बसवला नाही तर प्रत्येक ओटीपीचे पैसे दोन संदेशांचे पडतात. क्रमांक नोंदणीपुरता ठेवावा आणि इतर सभासदांना फक्त नाव, गाव आणि भूमिका, म्हणजे बागायतदार, अडते, व्यापारी की सल्लागार, एवढेच दिसू द्यावे. सल्लागार ही खूण मात्र माणसाची खात्री करूनच लावावी. नागपुरातच केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था असल्याने जाणकार माणसे जवळ आहेत, पण स्वतःला जाणकार म्हणवणाऱ्या कोणाच्याही फवारणीच्या सल्ल्याला तीच खूण मिळाली तर झाडांचे नुकसान होते.

पसंतीचे बटण, अनुयायांची संख्या, गुणांची पाटी या गोष्टी बसवायला सोप्या आहेत आणि म्हणूनच त्या आधी बसवल्या जातात. अशा संकेतस्थळाला त्यांचा उपयोग कमी आहे. त्याऐवजी प्रश्न विचारणाऱ्याला ‘हे करून पाहिले, गुण आला’ असे नोंदवता यावे. महिनाभराने त्याला तशी आठवणही द्यावी. एका उत्तरावरची अशी दोन माणसांची नोंद शंभर पसंतींपेक्षा मोलाची आहे, आणि शोधाच्या निकालांतही तिलाच वर जागा द्यावी.

फोटो हा या संवादाचा प्राण आहे, तेव्हा तो अपलोड करण्याआधी ब्राउझरमध्येच लहान करावा. फोनच्या कॅमेऱ्याचा चार-पाच एमबीचा फोटो दोन-तीनशे केबीवर आणला तरी पानावरचे डाग स्पष्ट दिसतात. फोटोच्या फाइलीत जीपीएसचे स्थान दडलेले असू शकते. ते सर्व्हरवर काढून टाकावे, कारण कोणाच्या बागेत तयार माल उभा आहे याचा नकाशा अनोळखी माणसाच्या हाती देण्याचे कारण नाही.

बाहेर वाटण्यासाठी समाजमाध्यमांची तयार बटणे बसवू नयेत. त्यांच्यासोबत येणाऱ्या स्क्रिप्ट पान जड करतात आणि वाचकाचा माग ठेवतात. ब्राउझरची स्वतःची शेअर सोय सुरक्षित जोडणीवर चालते आणि फोनमधल्या सगळ्या ॲपची यादी उघडून देते. प्रत्येक उघड्या प्रश्नाच्या पानावर ओपन ग्राफच्या शीर्षक, वर्णन आणि चित्राच्या नोंदी भराव्यात, म्हणजे दुवा व्हॉट्सअॅपवर गेला की त्यासोबत झाडाचा फोटो आणि प्रश्न दिसतो. खासगी पानांवर या नोंदी अजिबात नसाव्यात.

सूचनांबाबत हात आखडता ठेवावा. खासगी संदेशाची सूचना लगेच जावी. समूहातील संदेशांची एकत्र करून सकाळ-संध्याकाळ जावी. रात्री काही जाऊ नये. वेब पुशची, म्हणजे ब्राउझरमार्फत येणाऱ्या सूचनांची, परवानगी पान उघडताच मागू नये, पहिला प्रश्न विचारून झाल्यावर ‘उत्तर आले की कळवू का’ असे मागावे. आयफोनवर ही सोय मार्च २०२३ च्या १६.४ आवृत्तीपासून आहे, आणि तीही संकेतस्थळ होम स्क्रीनवर जोडले असेल तरच.

सुरक्षा आणि कायद्याची बाजू

सभासदाने लिहिलेला मजकूर पानावर मांडताना तो नेहमी साधा मजकूर म्हणूनच मांडावा, एचटीएमएल म्हणून कधीही नाही. नाहीतर एखाद्याने संदेशात घातलेली स्क्रिप्ट दुसऱ्याच्या ब्राउझरमध्ये चालते आणि त्याचे खाते हाती जाते. वेबसॉकेट उघडताना विनंती कोणत्या संकेतस्थळावरून आली ते तपासावे, कारण ब्राउझर इथे इतर ठिकाणी असतो तसा आडवा येत नाही. जोडणी उघडताना ओळख पटली म्हणून पुढचे सगळे माफ, असे नसते: प्रत्येक संदेशाच्या वेळी हा माणूस या संभाषणाचा सभासद आहे का, हे सर्व्हरने पुन्हा पाहावे. समूहातून काढलेला व्यापारी उघड्या टॅबमधून पुढे तासभर वाचत राहिला, असे घडते ते ही तपासणी नसल्यामुळे.

जिथे पैशाचे बोलणे होते तिथे फसवणूक येतेच. नवीन खात्याला दिवसाला मोजक्याच अनोळखी माणसांशी संभाषण सुरू करता यावे. संदेशात यूपीआय आयडी किंवा क्यूआर चित्र आले की घेणाऱ्याला ठळक सूचना दिसावी की पैसे मिळवण्यासाठी पिन टाकावा लागत नाही. तक्रार करणे आणि अडवणे ही दोन बटणे प्रत्येक संभाषणात डोळ्यांसमोर असावीत, आणि त्यांच्याच शेजारी सायबर फसवणुकीसाठीचा १९३० हा राष्ट्रीय मदत क्रमांक द्यावा.

इतरांचा मजकूर आपल्या संकेतस्थळावर येऊ लागला की आपण माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या भाषेत मध्यस्थ ठरतो. फेब्रुवारी २०२१ च्या नियमांनुसार तक्रार अधिकाऱ्याचे नाव आणि संपर्क संकेतस्थळावर द्यावा लागतो आणि तक्रारीची पोच २४ तासांत द्यावी लागते. मजकूर हटवण्याच्या मुदती प्रकारानुसार वेगळ्या आहेत आणि नियमांत वेळोवेळी दुरुस्त्या झाल्या आहेत, तेव्हा सुरुवात करताना सध्या लागू असलेले नियम वकिलाकडून तपासून घ्यावेत. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे सायबर घटना कळल्यापासून सहा तासांत कळवायची असते आणि नोंदी १८० दिवस जपायच्या असतात. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ चा आहे, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. त्यात १८ वर्षांखालील व्यक्तीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती आवश्यक आहे, म्हणून शिकवणी वर्गाच्या संकेतस्थळावर चॅट बसवणाऱ्यांनी हा भाग सर्वांत आधी वाचावा. संमतीची सूचना आठव्या अनुसूचीतील भाषांत मिळण्याचा हक्कही त्यात आहे; आपल्याकडे ती मुळातच मराठीत लिहावी, आणि कार्यालयीन मराठीत नव्हे तर बागायतदाराला एका वाचनात कळेल अशी.

कधी आणि कशी सुरुवात करावी

काढणीच्या दिवसांत नवीन व्यवस्था सुरू करू नये. जुलै-ऑगस्टमध्ये एकाच तालुक्यातील, एकमेकांना ओळखणाऱ्या वीस-पंचवीस बागायतदारांपासून सुरुवात करावी आणि त्यांच्यासाठी फक्त प्रश्नोत्तरे उघडावीत. तेवढे रुळल्यावर समूह, आणि व्यापाऱ्यांशी खासगी संवाद सर्वांत शेवटी. चाचणी कार्यालयातल्या वायफायवर करून भागत नाही: स्वस्त अँड्रॉइड फोन घेऊन काटोलच्या बसमध्ये बसावे, संदेश लिहून विमान मोड लावावा, पाठवावे, टॅब बंद करावा, पुन्हा उघडावा, मोड काढावा, आणि संदेश एकदाच पोहोचला का ते पाहावे. पाठवणे आणि पोच मिळणे यांतील वेळ, आणि पोच न मिळालेल्या संदेशांची संख्या, या दोन गोष्टी रोज नोंदवाव्यात; सभासदांची आणि पसंतींची मोजणी नंतर केली तरी चालते.

डेटाबेसची प्रत रोज रात्री दुसऱ्या ठिकाणी जावी आणि महिन्यातून एकदा ती प्रत रिकाम्या सर्व्हरवर उतरवून संभाषणे उघडतात का ते बघावे. सभासदाला आपले सर्व संदेश एका फाइलीत उतरवून घेता यावेत आणि खाते बंद करता यावे, ही सोय पहिल्या आवृत्तीतच असावी. खाते बंद झाल्यावर त्याची खासगी संभाषणे त्याच्या बाजूने काढून टाकावीत, पण उघड्या प्रश्नांना दिलेली उत्तरे नाव काढून तशीच ठेवावीत, आणि असे होणार हे त्याला नोंदणीच्या वेळीच सांगितलेले असावे.